सहावी ओळ

त्या गल्लीत चष्मेवाल्याला त्याच्या नावानं कुणी ओळखत नसे. पाठीमागे सगळे त्याला 'सहावी ओळ' म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं न टेकलं की हा भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट करी आणि फर्मान सोडी, "हं, सहावी ओळ वाचा." वाचता आली तर घरी जा, नाही आली तर नाकावर चष्मा. शेजारचा शिंपी म्हणायचा, "लग्नाआधी यानं मुलीला सहावी ओळच वाचायला लावली असणार."

शिंप्याच्या जिभेला हाड नाही हे खरं, पण या बाबतीत तो फारसा चुकला नव्हता. ती वडिलांचा चष्मा न्यायला दुकानात आली होती. काच बसेपर्यंत थांबायला सांगितलं, तर फ्रेमवर गुंडाळलेला जुना वर्तमानपत्राचा कागद उलगडून ती वाचत बसली. तो संपल्यावर काउंटरवरचा दुसरा उचलला. मग म्हणाली, "याचा पुढचा तुकडा कुठल्या चष्म्याला गुंडाळलाय?" चष्मेवाल्यानं त्या दिवशी पाच-सहा फ्रेमा उघड्या केल्या. पुढे लग्नच केलं.

लग्नानंतर त्याला कळलं की बायकोबरोबर एक सवतही घरात आली आहे, ती म्हणजे पुस्तकं. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यातलं एक अख्खं कपाट पुस्तकांनी भरलेलं. हा स्वतः औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपलीकडे काही वाचत नसे. "अगं, ही सगळी वाचलीस ना? मग आता ठेवायची कशाला? खाल्लेल्या जेवणाचं ताट कुणी जपून ठेवतं का?" असं तो दर महिन्याला एकदा म्हणून घेई. ती म्हणे, "निम्मी वाचायची राहिलीत. लेकीचं सगळं मार्गी लागू दे, मग निवांत बसून वाचणार आहे."

लेकीचं मार्गी लागलं. लेक दूरच्या शहरात गेली, तिथे तिला बाळ झालं, आणि आई महिनाभर तिच्याकडे राहायला गेली. त्याच महिन्यात दुकानात नव्या फ्रेमांचे खोके आले आणि ठेवायला जागा नव्हती. चष्मेवाल्यानं रद्दीवाल्याला हाक मारली.

ती परत आली, हातपाय धुतले, कपाट उघडलं. आत फ्रेमांचे खोके नीट रचून ठेवलेले. दार लावून ती म्हणाली, "बरं केलंत. धूळ कमी झाली."

बस्स, एवढंच. भांडली नाही, रडली नाही, माहेरच्यांना फोन लावला नाही. चष्मेवाल्यानं भांडणाची सगळी तयारी ठेवली होती. उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. ती तशीच घशात राहिली. आणि ज्या बाईचा आवाज वरच्या खोलीतून गल्लीत ऐकू यायचा, ती दुपारी नुसती खिडकीशी बसू लागली. इस्त्रीवाली सगळ्यांना सांगत सुटली, "चष्मेवालीला गप्प बसण्याचा आजार झालाय." दोन वर्षं हे असंच चाललं.

मग लेकीनं आईसाठी आपला जुना कॉम्प्युटर पाठवला. फोनवर म्हणाली, "बाबा, आता पुस्तकं यात वाचता येतात. आणि भेटही देता येतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून तुम्ही विकत घ्यायचं, 'भेट पाठवा' दाबायचं, आईचा पत्ता टाकायचा. वर तिच्याकडे टिंग वाजेल. शिवाय एक चौकोन येतो, त्यात निरोप लिहायचा."

"चौकोनात काय लिहू?"

"मला काय विचारता? बायको तुमची आहे."

चष्मेवाल्यानं एका दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि दोन बोटांनी टाइप केलं, 'प्रिय बायकोस. तू रागावू नकोस.' आणि एक गुबगुबीत प्रेमकथा पाठवून दिली. वर टिंग काही वाजलं नाही. थोड्या वेळानं दुकानातला फोन वाजला. पलीकडे काचांचा ठोक व्यापारी होता, कारण कॉम्प्युटरला सवयीनं त्याचाच पत्ता आठवला होता.

"शेठ," व्यापारी म्हणाला, "मी रागावलेलो नाही. पण माझ्या घरात हे आमच्या हिला काय सांगू?"

ही गोष्ट गल्लीत किती दिवस पुरली म्हणता! शिंपी तर येता-जाता विचारायचा, "काय, प्रिय बायको काचा वेळेवर पाठवते ना?" चष्मेवाल्यानं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या खेपेला पत्ता तीनदा तपासला, आणि वर टिंग वाजलं.

त्या टिंगच्या आवाजानं तो माणूस सुधारला म्हणा किंवा बिघडला म्हणा. जे तोंडानं कधी जमलं नव्हतं, ते त्याला चौकोनात जमू लागलं. तोंडासमोर माफी मागणं त्याच्या घराण्यात नव्हतं. चौकोनाला घराणं कुठलं माहीत! एका पुस्तकासोबत त्यानं लिहिलं, 'कपाट रिकामं करताना मला वाटलं तुला कळणारही नाही.' दुसऱ्यासोबत लिहिलं, 'रद्दीवाला तराजूवर टाकत होता तेव्हा एका पुस्तकातून तुझी केसांची पिन पडली. ती मी ठेवली आहे.' आणि मग एकदा, बराच वेळ अक्षरं शोधून, नुसता एक शब्द, 'चुकलो.' पाठवलं आणि तो कान टवकारून बसला. टिंग वाजलं. जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

संध्याकाळी तो वर गेला की ती पुस्तकाची गोष्ट सांगे. आणि काय सांगे! दीपगृहात राहणारा मुका राखणदार, आगगाडीत विसरलेलं बाळ आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या दोघी बहिणी, घड्याळ चोरून परत करणारा चोर. हा तोंड उघडं टाकून ऐके. पण सांगताना ती याच्याकडे बघत नसे. हा समोर बसला की ती मान वळवी आणि खिडकीकडे बघत बोले. चहा देताना तेच, निरोपाचं काही बोलेल म्हणून हा थांबला की तेच. हा उजवीकडे सरकला तर ती आणखी डावीकडे मान फिरवी.

चष्मेवाला समजायचं ते समजला. माफी वाचली, पण पोचली नाही. राग गेलेला नाही. मग तो आणखी एक पुस्तक पाठवी.

मध्येच एकदा तिनं चहा कपाच्या शेजारी ओतला. बशीतसुद्धा नव्हे, थेट ओट्यावर. चष्मेवाल्यातला चष्मेवाला जागा झाला. "खाली चल, डोळे तपासू."

"मला काय धाड भरलीय डोळ्यांना?"

तरी तिला खुर्चीत बसवलं, जड फ्रेम नाकावर चढवली, एक डोळा झाकला. "सहावी ओळ."

"र, ठ, व, भ, म, ख, न."

दुसरा डोळा झाकला. "र, ठ, व, भ, म, ख, न." पाढा म्हणावा तशी, न अडखळता. चष्मेवाला खूश होऊन म्हणाला, "हे डोळे आहेत की दुर्बिणी?" ती तक्त्याकडे तोंड ठेवूनच हसली. लग्न झाल्यापासून तो तक्ता रोज सकाळी कोण पुसत होतं, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

मग ती दुपार आली. सकाळी वरची खोली झाडताना केरसुणीत कॉम्प्युटरच्या पडद्याची वायर अडकून निसटली होती, हे त्याला मागाहून कळलं. तो गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, जड फ्रेम नाकावर चढवून पाण्याचा तांब्या घ्यायला वर गेला आणि दारातच थबकला. बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडदा काळाठिक्कर. लाल दिवासुद्धा विझलेला. आणि ती पान उलटायचं बटण दाबत होती. जरा थांबायची, दाबायची. एके ठिकाणी तिला हसू आलं. एके ठिकाणी तिनं पदराचं टोक ओठांवर धरलं.

फळी करकरली. ती मागे न बघता म्हणाली, "आलात? थांबा, दोनच पानं राहिलीत. राखणदाराचा भाऊ परत आलाय."

"वाच, वाच," तो म्हणाला. तांब्या तिथेच विसरून तो खाली आला.

खाली गिऱ्हाईक खुर्चीत वाट बघत होतं. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "सहावी ओळ वाचा."

"र, ठ, व," गिऱ्हाईक म्हणालं आणि अडलं. "हा भ आहे की म आहे हो?"

तिथे सगळेच अडतात. चांगल्या डोळ्यांचेही क्षणभर अडतात. एवढ्या बारीक अक्षरात भ आणि म सख्खे भाऊ दिसतात. इतकी वर्षं या धंद्यात त्या दोन अक्षरांपाशी न अडलेलं माणूस त्यानं एकच पाहिलं होतं. चष्मेवाला स्टुलावर बसला तो उठेचना. गिऱ्हाईकच बिचारं स्वतःच्या हातानं जड फ्रेम काढून, तिची घडी घालून निघून गेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं ते असं. नजरेचा मधला भाग गेला आहे, दोन्ही डोळ्यांचा. कडा शाबूत आहेत, म्हणून घरात वावरता येतं, जिना उतरता येतो. पण जिथे थेट बघावं तिथे डाग. अक्षर, सुईचं नेढं, माणसाचं तोंड, समोरचा पडदा उजळ की काळा, यातलं काही नाही. वर्षभरापूर्वी आला असतात तर पुढचं जाणं थांबवायची खटपट करता आली असती. मग बाईंनी कागदावरून मान वर करून विचारलं, "तुमचा व्यवसाय काय म्हणालात?"

बायकोच म्हणाली, "दुकान आहे."

घरी आल्यावर ती खिडकीशी बसली आणि तो समोर. तिनं मान फिरवली. आज त्याला राहवलं नाही.

"का लपवलंस गं?"

"पहिलं पुस्तक आलं तेव्हाच ओळी वाकड्या दिसत होत्या. मी अक्षर मोठं केलं. मग आणखी मोठं. शेवटी पडद्यावर एकेक शब्द मावायला लागला, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायची. पण तुम्ही खालून असे धावत यायचात, 'मिळालं का, मिळालं का' करत. कपाट तुम्ही रिकामं केलं त्यानंतर दोन वर्षं माझे डोळे होते, पुस्तकं नव्हती. आता पुस्तकं होती. हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं? मग एक गोष्ट रचली. दुसरी रचावी लागली."

"राखणदार? ते बाळ?"

"सगळी घरचीच."

मग तो म्हणाला, "आणि तोंड का फिरवायचीस? मला वाटायचं, राग."

ती हसली. जुनं हसू, गल्लीत ऐकू जाणारं. "अहो, समोर बघितलं की तुमचं तोंड पुसलं जातं. नुसते दोन कान दिसतात, कपाटाच्या मुठींसारखे. तोंड बघायचं तर मला खिडकीकडे बघावं लागतं. मग कडेनं दिसता तुम्ही, थोडे." हसू थांबलं. "वर्षभर बघतच होते की."

"म्हणजे राग नव्हता?"

"राग आहे," ती म्हणाली. "तो वेगळा. त्याच्यासाठी मान कशाला वळवू?"

"आणि निरोप?"

"कसले निरोप?"

"दर पुस्तकाआधी यायचे ते. रंगीत चौकोनात."

"ते होय? ते तुमचे होते?" ती गडबडली. "मला वाटलं जाहिरात. लेक म्हणाली होती, काही रंगीत आलं की कोपऱ्यातली फुली दाबायची. मी दाबत होते."

चष्मेवाल्याची वर्षभराची माफी फुलीखाली गेली होती. काय लिहिलं होतं ते सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि घराणं आडवं आलं. शब्द निघेना. तो उठला, निसटलेली वायर जागच्या जागी खोचली, पडदा उजळला. खुर्ची ओढून तो कॉम्प्युटरसमोर बसला. अक्षर जेवढं मोठं होतं तेवढं मोठं केलं आणि दोन बोटांनी एक शब्द टाइप केला. अख्खा पडदा भरला.

"इकडे ये," तो म्हणाला. "बस. आता खिडकीकडे बघ."

ती बसली, मान फिरवली.

"वाच."

"काय आहे? हे पाठ नाही हं माझं."

"माहीत आहे. वाच."

ती डोळ्याच्या कडेनं धुंडाळत राहिली. "पहिला च." थांबली. "खाली काहीतरी लोंबतंय. उकार आहे?"

"हो."

"चु. पुढे क. क की फ?"

"तू सांग."

"क." ती पुन्हा थांबली. या खेपेला बराच वेळ. खिडकीबाहेर शिंपी कुणावर तरी ओरडत होता, तो ओरडून दमला, तरी ती तशीच. चष्मेवाल्यानं सवयीनं "पुढचं अक्षर" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या गालावरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि ते तिनं पुसलं नाही, कारण पुसायला हात आणला असता तर कडेचं दिसणारंही झाकलं गेलं असतं.

"ओळ संपली का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एक अक्षर राहिलंय. घाई करू नका."