सैल बांधलेली पट्टी

कपड्यांच्या कारखान्यात कटाईच्या टेबलावर उभं राहून तिचं आयुष्य गेलं. गेली काही वर्षं अंगावर फोड येतात. जरा घासलं की कातडी सुटते. हा आजार जायचा नाही, सांभाळायचा. सध्या डाव्या पिंढरीवर जखमा होत्या. सोमवारी हजर झाली नाही तर टेबल दुसरीला मिळणार होतं.

नर्सबाईंनी बजावलं होतं : आधी न चिकटणारी जाळी, वर गॉज, वर सैल पट्टी. कातडीला चिकटपट्टी लावायची नाही.

नवऱ्याने जन्मभर ट्रकवर माल बांधला. ‘सैल’ हा शब्द त्याला शिवीसारखा लागे. पट्टी सरकू नये म्हणून त्याने कडेने चिकटपट्टी गुंडाळली होती. रविवारी ती काढायला बसला.

“ओढू नका. आधी पाणी लावा.”

“एका झटक्यात निघते.”

निघाली. सोबत धडधाकट कातडीही निघाली.

दात आवळून तिने त्याचा हात बाजूला केला.

“नर्सबाई सांगत होत्या तेव्हा मान कशाला डोलावत होतात?”

“अगं, माझ्या हातचा एक खोका कधी हलला नाही.”

“मी खोका आहे?”

तिने त्याचाच इलास्टिक गेलेला, धुतलेला सुती मोजा घेतला आणि कात्रीने पुढचा भाग उडवला.

“टाच धरा. पिंढरीला हात लावाल तर याद राखा.”

तिने जाळी ठेवली. सुरकुती पडली, पुन्हा उचलून ठेवली. मग गॉज, मग पट्टी, वरून मोजा. घाई नाही की कुचराई नाही. त्याने टाच दुसऱ्या हातात घेतली.

“हात भरून आले गं.”

“येऊ देत. माझं काय दुखतंय ते विचारलंत का?”

सोमवारी सकाळी ती जिना उतरत होती, तो मागून पिंढरीवर नजर ठेवून. अर्ध्या जिन्यात मोजा दोन बोटं खाली आला.

“सरकला बघ. म्हटलं होतं मी.”

कठडा धरून तिने तो हलकेच वर घेतला.

“सरकू दे. कातडी जागेवर आहे ना?”

तो दोन पायऱ्या उतरून तिच्या बरोबरीला आला. “संध्याकाळी पाणी कोमट करून ठेवतो.”

“ठेवा. आणि चिकटपट्टी परत घरात दिसली, तर तुमच्या मिशीला लावून ओढीन. एका झटक्यात.”

ती कामावर गेली.