नऊ प्रश्न आणि सहा भेटी

आमच्या फॉर्मच्या शेवटी ‘इतर निरीक्षणे’ नावाचा रकाना आहे. जागा एका ओळीची. त्या ओळीत जे मावत नाही ते सगळं माझ्याकडे साठतं, आणि शनिवारी रिपोर्ट लिहून झाले की साकोलीच्या ऑफिसात चहाबरोबर बाहेर पडतं. आता इतकं साठलंय की नवीन कोणी नोकरीला लागली की आम्ही तिला मॅन्युअल नंतर देतो, आधी हे ऐकवतो.

काम काय ते सांगते. आमच्या संस्थेचा भंडारा जिल्ह्यातल्या काही गावांत एक प्रकल्प आहे, खचून गेलेल्या, उदास राहणाऱ्या बायांसाठी. उपाय आमच्या मनचा नाही. दुसरीकडे वापरून, तपासून, गुण येतो असं सिद्ध झालेला. गावाकडच्याच एखाद्या बाईला ट्रेनिंग द्यायचं. तिनं घरी जाऊन नऊ प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना गुण द्यायचे. ज्यांचे गुण जास्त, त्यांना आठवड्याला एक अशा सहा भेटी. शेवटी तेच नऊ प्रश्न पुन्हा. आकडा उतरला की बाई सुधारली. कागदावर हे फार सोपं दिसतं.

प्रश्न विचारणारी आमची वनिता, सानगडीची. दहावी झालेली, दोन पोरींची आई, बोलायला कमी. तिच्यावर सुपरवायझर मी. आणि आम्हा दोघींवर नागपूरच्या ऑफिसातले सर, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो.

*

पुराव्यावरून आठवलं. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेल्यावर ज्यांना नवीन वस्तीत बसवलं, अशा एका गावात आमची पहिली मीटिंग होती. सरांनी बॅनर पाठवला होता : ‘पुराव्यावर आधारित मनोसामाजिक उपाययोजना’. मी म्हटलं, सर, गावात बॅनर नको. सर म्हणाले, “फोटोत दिसायला पाहिजे.”

बोलावलं होतं फक्त बायांना. बॅनर बांधून अर्धा तास झाला नाही तोच समाजमंदिरासमोर पुरुषांची रांग. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पहिले होते नामदेवकाका. त्यांनी गाठ सोडून माझ्यापुढे एकेक कागद मांडला. घरटॅक्सच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड, आणि पाण्यात गेलेल्या घराचा फोटो. दारात एक बैल उभा.

“काका, हे आम्हाला नको.”

“मंग मोबदल्याले कोनता पुरावा पायजे?”

“कोणताच नको. आम्ही बायांशी बोलायला आलोय.”

त्यांनी बॅनरकडे बोट केलं. “तिथं त लिवलं आहे.”

मी रांगेतल्या प्रत्येकाला वेगवेगळं समजावलं. कोणी रागावलं नाही, हेच जास्त लागलं. सवय असल्यासारखे कागद पिशवीत भरून, गाठ मारून एकेक जण निघून गेला. त्यात दुपार सरली. वाट पाहून बायाही घरी गेल्या.

संध्याकाळी सरांनी ग्रुपवर फोटो पाहिला. लगेच फोन. “पहिल्याच दिवशी इतका प्रतिसाद! हाच बॅनर सगळ्या गावांत लावा.”

*

नऊ प्रश्नांचं भाषांतर कुणी केलं मला माहीत नाही. तो माणूस कधी सिहोऱ्याला आला नसावा, एवढं नक्की. पहिलाच प्रश्न : “गेल्या पंधरवड्यात आपणांस निरुत्साही वाटले काय?”

सिहोऱ्याची एक म्हातारी बराच वेळ विचार करून म्हणाली, “निरुत्साही आमच्या गावात नाही रायत, माय. पटले आडनावाचे आहेत, बिसेन आहेत. तुमसरात जाऊन पाय.”

मी सरांना लिहिलं, शब्द बदलू द्या. उत्तर आलं, प्रश्नावली प्रमाणित आहे, एक अक्षर हलवता येणार नाही. मग वनितानं तोड काढली. छापील वाक्य ती जसंच्या तसं वाचायची, बाई गोंधळली की कागद खाली ठेवायची आणि विचारायची, “मन कायच्यात लागत नाही, असं होऊन राहिलं का, बाई?” मग बाई बोलायची.

तपासणीत तिचे गुण कापले. शेरा होता : अनावश्यक वाक्य.

*

भेटींमध्ये ‘आनंददायी कृतींची यादी’ असते. खचलेल्या माणसाला काही करावंसंच वाटत नाही, म्हणून रोज एक छोटी आवडीची गोष्ट मुद्दाम करायला लावायची. यानं खरंच फरक पडतो, मी पाहिलेलं आहे. पण आमच्या यादीत काय होतं? पोहणे. बागेत फेरफटका. मित्रमंडळींना भोजनास बोलावणे. आमच्या बाया रोज वीस जणांचा स्वयंपाक करतात, त्यांना मी हे वाचून दाखवायचं.

शांता नावाची सिहोऱ्याची एक सून होती. तिनं पूर्ण यादी ऐकली आणि ‘प्रवास’वर बोट ठेवलं. वनितानं विचारलं, “कुठं जावंसं वाटते?”

“कुठंच नाही. खिडकीजवळ बसून जायचं आणि वापस यायचं.”

ठरलं. शांता मंगळवारी तुमसरच्या बसमध्ये बसली, स्टँडवर उतरली, पाणी प्यायली आणि पुढच्या बसनं परत आली. घरी पोचेपर्यंत घरात आग लागलेली. नवरा विचारतो, तुमसरात कोण आहे? सासू विचारते, काम काय होतं? शांता म्हणते, काही नव्हतं. आणि हेच कोणाला पटेना. काही काम असतं तर चाललं असतं. भांडण इतकं वाढलं की माहेरी पाठवून देतो इथपर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी घेऊन तिथं. तासभर समजावलं. नवरा मानला. सासू मात्र हटेना. “तुमी म्हनता त लिवून द्या.”

मी चिडले होते. बॅगेतून संस्थेचं लेटरहेड काढलं आणि लिहून दिलं, की सौ. शांता यांनी आठवड्यातून एकदा सिहोरा ते तुमसर आणि परत असा बसप्रवास करायचा आहे. उद्देश : आनंद. खाली सही, शिक्का. सासूनं नातवाकडून दोनदा वाचून घेतलं आणि कागद देवाच्या फोटोमागे ठेवला.

पुढच्या आठवड्यात वनिता गेली तर सासू दारातच बसलेली. म्हणाली, “मॅडमले सांगजो, एक चिठ्ठी माह्या नावानं बी पायजे.”

*

मॅन्युअल म्हणतं, भेट बंद खोलीत, एकांतात, पन्नास मिनिटांची. ज्यानं हे लिहिलं त्याला जुलैमध्ये आमच्याकडे आणायला पाहिजे. रोवणी सुरू झाली की गावात फक्त म्हातारे आणि कोंबड्या उरतात. बाया पहाटेपासून बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलात कंबरेत वाकून धानाची रोपं लावत असतात. तीन आठवडे एकही भेट नाही. सरांचे मेसेज चालूच.

शेवटी वनितानं लुगडं खोचलं आणि भेट द्यायच्या बाईच्या शेजारी रोवणीला लागली. रोवता रोवता भेट. बाजूच्या बायांचं गाणं चालू होतं, ते हळूहळू थांबलं. थोड्या वेळानं पलीकडची एक म्हणाली, “मले बी असंच होते.” मग आणखी एक.

मी फॉर्म तपासत होते. ‘भेट एकांतात झाली का?’ यापुढे वनितानं ‘होय’ लिहिलं होतं.

“वनिता, पूर्ण बांधी ऐकत होती.”

“हो, मॅडम. पण सगळ्या खाली पाहून राहिल्या होत्या.”

*

सानगडी हे आमचं ‘तुलनेचं गाव’. म्हणजे तिथं प्रश्न विचारायचे, गुण लिहायचे, एक माहितीपत्रक द्यायचं आणि भेटी द्यायच्या नाहीत. नाहीतर भेटींमुळे फरक पडला की आपोआप पडला, हे कळणार कसं? तर्क बरोबर आहे, मी स्वतः तो ट्रेनिंगमध्ये शिकवते. पण वनिता सानगडीत राहते, आणि तिच्या भिंतीला भिंत लागून कमल राहते. कमलचे गुण आमच्या यादीतल्या कित्येक बायांपेक्षा जास्त होते.

प्रश्न विचारायला मीच गेले होते. कमलनं माहितीपत्रक उलटून पाहिलं. “आमच्याकडे कोनी येनार नाही?”

“पुढच्या वर्षी येईल, ताई. आत्ता तुमचं गाव तुलनेसाठी आहे.”

“म्हनजे आमी असंच रायचं, तवा तुमाले मोजता येईल.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी तिला डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, तेवढं नियमात बसत होतं, आणि बाहेर येऊन वनिताला बजावलं की कमलशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. तिनं मान हलवली.

वर्षअखेरीस सरांचा फोन. सानगडीत एका बाईचा आकडा एकदम खाली आलाय, कोणी नियम मोडला का? मी वनिताला समोर बसवलं. खरं सांग.

“मी बोललीच नाही, मॅडम. रोज नळावर कमलच बोले. मी आयकून घ्यावो.”

सहा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये पाच दिवस आम्ही हेच शिकवतो.

*

आता गिरजाबाईचं सांगते.

गिरजाबाई धरणाजवळच्या त्या वसवलेल्या गावातली. जुन्या गावात नवरा नदीवर मासे धरायचा. नवीन गावातून नदी लांब. नवरा तिथं फार दिवस जगला नाही. लेक लग्न करून त्याच गावात दिलेली, पण ही वेगळी, एकटी राहायची. पहिल्या वेळी वनितानं नऊ प्रश्न विचारले. झोप? लागते. भूक? लागते. मरून गेलेलं बरं, असं वाटतं का? नाही बाप्पा. यादीत जेमतेम बसेल इतकेच गुण. मी तर म्हटलं होतं, हिला सोडून दे, दुसरी घे. वनिता म्हणाली, राहू द्या.

पाच भेटी झाल्या. दर वेळी चहा, दर वेळी ‘सगळं बरं आहे’. सहाव्या भेटीला, शेवटची म्हणून, तेच नऊ प्रश्न. सकाळी अकराच्या सुमारास मला वनिताचा फोन आला. आकडा सांगितला. पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. शेवटच्या, मरणाच्या प्रश्नाला उत्तर : रोज वाटते.

माझं डोकं फिरलं. सगळ्या गावांचे आकडे उतरतायत आणि हिचा चढतो कसा? मी फोनवरच म्हटलं, “तू फॉर्म उलटा भरला असशील. नीट बघ.”

“तुमी या, मॅडम. मी इथंच आहो. हिले सोडून जात नाही.”

मी पोचले तेव्हा दोघी ओसरीवर बसल्या होत्या. गिरजाबाईचा हात वनिताच्या हातात. लेकीला बोलावणं गेलं होतं. मी दोन्ही फॉर्म काढले आणि जे विचारायला नको होतं तेच आधी विचारलं. “बाई, पहिल्यांदा तर तुम्ही झोप लागते म्हणाला होता. मरणाचं विचारलं तर नाही म्हणाला होता.”

गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं. “तवा हे कोन होती? अनोळखी बाई, हातात कागद. तिले काय सांगू? बरं आहे म्हटलं. आता घरची झाली, त खरं सांगतलं.”

मी फॉर्म बॅगेत ठेवले. लेक आली, ती ऐकून आईशेजारी बसली आणि रडली. आम्ही ऑटो केला आणि चौघी दवाखान्यात गेलो. डॉक्टर चांगले निघाले, घाई न करता बोलले. लेक म्हणाली, आता आई माझ्याजवळच राहील. गिरजाबाई आत असताना आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, तेवढ्यात सरांचा फोन. महिनाअखेर होती, त्यांना यादी बंद करायची होती.

“गिरजाबाईची केस क्लोज ना? सहाही भेटी झाल्या?”

वनितालाही ऐकू गेलं होतं. मी फोन वनिताकडे दिला.

“नाही, सर,” वनिता म्हणाली. “पहिली आज झाली.”