उलटे बिल्ले

मिलच्या टाइम ऑफिसात मी लागलो तेव्हा सकाळच्या कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. वडील त्याच मिलमध्ये मागावर होते.

नव्या लेबर ऑफिसरसाहेबांनी एका दुपारी बोलावलं. "किती कामगार काम सोडून जातात, शेकडा किती, ते हेड ऑफिसला कळवायचंय. महिनाभर ज्याचा बिल्ला फळीवरून हलला नाही तो गेला, असं धरा. त्यांची नावं पटावरून कमी होतील."

मी 'हो साहेब' म्हणालो. फळीपुढे आलो आणि न हललेले बिल्ले मोजू लागलो.

फळीवरच्या खिळ्यांना पितळी बिल्ले टांगलेले असत. कामावर आलेला माणूस आपला बिल्ला घेऊन आत जाई. पेरणीसाठी गावी जाणारा मात्र तो उलटा टांगून जाई, आकडा भिंतीकडे. मी परत येतो, माझी जागा ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. रजेचा अर्ज कुणी देत नसे. जुन्या साहेबांना हे माहीत होतं. नव्यांना कोण सांगणार? त्या वर्षी पाऊस लांबला होता, महिना उलटून गेला होता, आणि उलट्या बिल्ल्यांत माझ्या वडिलांचाही होता.

साहेबांच्या टेबलापुढे पुन्हा उभा राहिलो. कसंबसं म्हणालो, "साहेब, उलटे बिल्ले सोडून गेलेल्यांचे नाहीत. ते येतात परत."

"तुमचं कुणी आहे त्यात?"

खोटं बोलता आलं असतं. पण जीभ वळली नाही. "वडील आहेत."

साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पाहिलं. "मग असं करा. रिपोर्ट सोमवारी जाईल. तोवर जे येतील ते आले. बाकीचे गेले."

गावी निरोप धाडला. मग रोज भोंग्याच्या आधी मी फळीपाशी जाऊन उभा राहू लागलो.

शनिवारी वडील आले. टाचांच्या भेगांत काळी माती तशीच होती. बिल्ला काढत म्हणाले, "काहून असा पाहून राहिला गा? मेलो नाही मी."

बाजूचे टाइमकीपर हसले. मलाही हसायला हवं होतं. पण वडिलांच्या रिकाम्या खिळ्याच्या दोन्ही बाजूंचे बिल्ले अजून उलटेच होते, आणि रिपोर्ट जायला मधे एकच रविवार होता.