भोकं पाडलेल्या बारा मोटा

"समुद्र काय तुमची वाट बघत थांबून राह्यलाय का, साहेब?"

पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभी राहून एक बाई ओरडत होती. आवाज असा, की तिकडं स्टेशनावर मीटरगेजच्या ड्रायव्हरनं गार्डाची शिट्टी समजून गाडी सोडली असती. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले, एकदा चावाही खाल्ला. त्यातलं बरंचसं विसरलो. हे ओरडणं काही कानातून जात नाही.

साल सत्तरच्या पुढचं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. समुद्र इतका लांब, की आमच्या निम्म्या शिपायांनी तो फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. मी तिथं फौजदार होतो, आणि त्या बुधवारी सकाळी या बाईच्या नवऱ्याला माझ्यापुढं बसवलं होतं.

झालं होतं असं. रेल्वेच्या आवारातून लोखंड जातंय अशा तक्रारी महिनाभर येत होत्या. मंगळवारी माझा एक खबऱ्या आला. जुन्या जालन्यात त्याचं चहाचं दुकान. कपबशी पुसत कानाशी लागला, "साहेब, समोरचा मोटा बनवणारा मिस्त्री गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठिवतो. पत्रा असा जाड, की गोळी झाडली तर वापस यील. अन् त्याच्यावर सरकारी ठसा हाय, बराबर बघितला म्या."

बुधवारी सकाळी हजेरी झाल्याबरोबर दोन पंच घेऊन आम्ही गल्लीत शिरलो. गोणपाट ओढलं. लाल रंगाच्या लोखंडी मोटा, नग बारा. एकेक एवढी, की आमचे हवालदार आत बसले असते तर टोपीचं टोकही दिसलं नसतं. पत्रा बोटभर जाड. तशी मोट ओढायला बैलजोडी पुरायची नाही, गावातले सगळे बैल आणि वर पाटील लागले असते.

पण तळाला हात घातला आणि माझी खात्री पटली. तळाला ओळीनं भोकं होती!

मी विहिरीवर वाढलेला माणूस. मोटेला सुईएवढं छिद्र पडलं तर आमचे वडील दिवसभर जेवत नसत. इथं तर अंगठा जाईल अशी भोकं, तीही मुद्दाम पाडलेली. म्हणजे गोष्ट उघड होती. चोरलेल्या पत्र्याला मोटेचा आकार देऊन गावाबाहेर काढायचं, आणि विहीर न पाहिलेल्या कुणा गाढवाकडून ते काम करून घेतलेलं. हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं : 'लोखंडी मोटा, नग बारा, सर्व गळक्या.' दारात ट्रक उभा होता, तोही अडवला. मिस्त्रीला ठाण्यात आणलं.

मिस्त्री पन्नाशीचा, हाताला भाजल्याचे डाग, बोलणं कमी. मी आवाज चढवला.

"माल कुणाचा?"

"सरकारचा."

"चोरलास कुठून?"

"सरकारनंच धाडला, साहेब."

"कशाला?"

"मोटा करायला."

"भोकाच्या?"

"हौ. त्यांना तशाच लागतात."

हवालदारांना राहवलं नाही. "साहेब, सरकारचं तसंबी सगळं गळतंच."

"कुठल्या विहिरीला लागतात या मोटा?" मी विचारलं.

मिस्त्री खाली बघून म्हणाला, "जहाजाला."

सगळं ठाणं हसलं. कोठडीतला खिसेकापूसुद्धा हसला. आणि त्याच वेळी पायरीवरून ते ओरडणं आलं.

बाई आत आली ती लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन. ते तिनं माझ्या टेबलावर आपटलं. "वाचा. येतंय ना वाचता? शनिवारी सांज व्हायच्या आत माल बंदराच्या फाटकात न्हाई गेला, तर करार मोडला. विजेच्या मोटारी आल्या तवापून मोटेला कुणी इचारत न्हाई. अकरा लोहार रिकामे बसल्ते. सा महिने हे काम करून राह्यलेत. माल वापस आला तर त्यो कुणाच्या विहिरीत घालू, तुमच्या?"

गाठोड्यात साठ पानांचा इंग्रजी कागद होता, लाल लाखेच्या मोहरेचा. माझं इंग्रजी अहवाल लिहिण्यापुरतं ठणठणीत होतं. पण हे इंग्रजी निराळंच. एक वाक्य सकाळी सुरू केलं तर त्याचं क्रियापद जेवणानंतर भेटायचं. मी कोर्टाच्या लिंबाखालून मुन्शीजींना बोलावलं.

मुन्शीजी अर्जनवीस, सत्तरीचे. निजामाच्या काळात उर्दू इकरारनामे लिहिलेले, नंतर वकिलांकडं इंग्रजी. चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि टोपी नीट केली.

"साहेब, खडे हो जाव."

"का?"

"यात लिहिलंय, खरेदीदार म्हणजे भारताचे राष्ट्रपती."

मी उठलो. हवालदार उठले. का उठलो ते आजही सांगता येणार नाही, पण बसून ऐकायची हिंमत झाली नाही. मुन्शीजींनी समजावलं : केंद्र सरकार काहीही घेतं तेव्हा करार राष्ट्रपतींच्या नावानं होतो, मग ती टाचणी असो की जहाज. हे जहाज बंदरातला गाळ उपसणारं. बांधणारे मोठे लोक, मिस्त्री त्यांच्या हाताखालचा पोटकंत्राटदार. पण अटी सगळ्यांना एकच.

मग त्यांनी एकेक कलम उलगडलं आणि माझ्या पायाखालची फरशी सरकत गेली. पत्रा खरेदीदारानंच पुरवायचा. तपासनिसानं ठसा मारला, की त्या क्षणापासून वस्तू खरेदीदाराची, मग ती कुठंही पडलेली असो. म्हणजे जुन्या जालन्याच्या गल्लीत गोणपाटाखाली होतं ते राष्ट्रपतींचं होतं, आणि मी ते चोरीचा माल म्हणून जप्त केलं होतं. 'सर्व गळक्या' असा शेरा मारून.

"आणि भोकं?" मी हळूच विचारलं.

मुन्शीजींनी शेवटचं पान पसरलं. निळा नकाशा. जहाजाच्या पोटातून समुद्राच्या तळापर्यंत गेलेली मोटांची माळ, आणि प्रत्येकीच्या तळाला भोकं, मोजून. "आपली मोट पाणी आणती, चिखल खाली ठिवती," मुन्शीजी म्हणाले. "ही चिखल आणती, पाणी वापस सोडती."

मी त्या नकाशाकडं किती वेळ बघत होतो कोण जाणे. ज्या पत्र्याला मी अंगठा लावला होता, तो समुद्राच्या तळाला लागणार होता. जिथं मासासुद्धा विचार करून जात असेल!

"हे काम मिस्त्रीपर्यंत आलं कसं?" हवालदारांनी विचारलं.

मिस्त्रीच बोलला. बंदरावरचे एक इंजिनिअर राजूरच्या गणपतीला आल्ते. वाटेत विहिरीवर त्याची लोखंडी मोट चालताना पाहिली. खाली वाकून सांधे बघितले, अन् पत्ता लिहून घेतला.

पण कायदा कायद्यासारखाच चालतो. नुसत्या कागदावर जप्ती उठत नाही. गुरुवारी सकाळी बंदराला ट्रंककॉल लावला, तो दुपारी चारला लागला. मी 'हॅलो' इतका जोरात म्हणालो, की तारेची गरज नव्हती. पलीकडचे साहेब एवढंच म्हणाले, "माल आमचाच आहे. मुदत माहीत आहे ना?" मी न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अहवाल धाडला. माल सोडायचा हुकूम हातात पडला तेव्हा शुक्रवारची दुपार झाली होती. बंदराची वाट दीड दिवसाची, लगेच ट्रक निघाला तरी पोचायला रविवार उजाडणार होता.

मिस्त्री ठाण्याच्या फरशीवर बसला. मुन्शीजींनी अगोदरच एक कलम वाचून दाखवलं होतं : मुदत हे या कराराचे मर्म आहे. "बाकी हातपाय हायेत," ते म्हणाले होते. "ही जान हाय. ही गेली का मुर्दा." बाई या वेळी ओरडली नाही. तिनं गाठोड्याच्या रिकाम्या फडक्याची घडी घातली.

मुन्शीजी मात्र पानं उलटत राहिले. एकदम थांबले. "मिल गया. अस्मानी-सुलतानीचं कलम."

आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द होता. दुष्काळ-गारपीट ती अस्मानी, राजानं लुटलं ती सुलतानी. इंग्रजी कागदात तेच होतं : वादळ, भूकंप, दैवी कोप, आणि राजे व राज्यकर्ते यांनी केलेली अटक किंवा अडवणूक. यातल्या कशानं उशीर झाला तर दोष पुरवठादाराचा नाही. जितके दिवस अडवणूक, तितके दिवस मुदत वाढते. फक्त ज्यानं अडवलं त्याचा सही-शिक्क्याचा दाखला पाहिजे.

मुन्शीजींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "अस्मान तो साफ है, साहेब."

म्हणजे सुलतान मी! महिन्याला चार शर्ट धुवायची ऐपत नसलेला फौजदार, साठ पानांच्या करारात भूकंपाच्या शेजारी जाऊन बसलो होतो.

हवालदारांनी बाजूला घेतलं. "साहेब, असा दाखला देऊ नका. 'मी विनाकारण माल अडवला' हे सहीनिशी लिहून दिल्यावर वरून इचारणा व्हईल. बढतीची यादी निघून राह्यली."

ते खरं होतं. मी खुर्चीत बसलो. चोरांचे कबुलीजबाब मी शेकड्यांनी लिहून घेतले होते, स्वतःचा पहिल्यांदाच लिहीत होतो. लिहिलं : 'बुधवार सकाळ ते शुक्रवार दुपार, सदर माल माझ्या संशयावरून माझ्या ताब्यात होता. पुरवठादाराचा काहीही कसूर नाही.' मुन्शीजींनी इंग्रजी केलं. मी शिक्का मारला, तो टेबलाच्या लाकडात उतरला असेल. ठाणे दैनंदिनीत नोंद केली. ट्रक सुटताना मिस्त्रीला म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही स्वतः जा सोबत." बुधवारपासून मी त्याला 'तू' म्हणत होतो.

खुलासा मागवला गेलाच. बढतीची यादी माझ्याशिवाय निघाली. त्याबद्दल घरी काय ऐकून घेतलं ते लिहायला साठ पानं पुरणार नाहीत. पण त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. नवखी वस्तू समोर आली, की आपण ती आपल्याच विहिरीत सोडून बघतो आणि गळली की चोर धरतो. पुढच्या सगळ्या नोकरीत, काही विचित्र दिसलं की मी हातकडीच्या आधी विचारायचो, "हे कशाला लागतं?" निम्मे गुन्हे तिथंच मिटायचे.

आठ दिवसांनी मिस्त्री परत आला. माल घेतला होता, दाखला चालला होता, एक दिवसाचा उशीर माफ. ठाण्यातले सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मुन्शीजी लिंबाखालून उठून आले. मी त्याला माझी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि पोरासारखा पुढं वाकलो.

"मिस्त्री, सांगा. समुद्र कसा हाय?"

मिस्त्रीनं चहा बशीत ओतला.

"बघितला न्हाई, साहेब. पोचपावतीची रांग लई होती."