पोलादावर सोनं बसवणारे काका

तापलेलं पातं काका गालाजवळ नेत. अगदी जवळ, न्हावी वस्तरा धरतो तितक्या जवळ. मान किंचित वाकडी करून थांबत आणि म्हणत, "स्वल्प थांबा. सोनं अजून पाहुणं आहे." पुन्हा निखाऱ्यांवर धरत, पुन्हा गालाशी आणत. "हं. आता घरचं झालं."

लष्कर मोहल्ल्यात त्यांची भट्टी आणि माझं दुकान एकाच भिंतीला लागून होतं. मी म्यानं शिवायचो. ते तलवारीच्या मुठीवर आणि पात्याच्या बुडाशी सोन्याची वेलबुट्टी बसवायचे. महाराजांचा दसरा जवळ आला की आम्हा दोघांना धड जेवायलाही फुरसत नसे. काकांना मात्र बोलायला फुरसत असे. दुसऱ्या कुणा कारागिराचं नाव निघालं की म्हणायचे, "तो? तो मिठाईला वर्ख लावतो, बरा लावतो."

गर्व होताच त्यांना, आणि तो शोभायचाही. पोलादावर पातळ सोनं नुसतं ठोकून राहत नाही. आधी बारीक उभ्याआडव्या रेघा कोरायच्या, त्यांत सोन्याची तार दाबायची, मग शेक द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घासायचं. शेक कमी पडला तर सोनं पुढे सालीसारखं सुटतं. जास्त झाला तर सोनं बसतं खरं, पण पात्याचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं; तलवार म्हणून ते संपलं. मधली वेळ पोलादच आपल्या रंगाने सांगतं. आधी पिवळट, मग तपकिरी, मग जांभळट, मग निळं. निळं दिसलं की उचलायचं. तो निळा रंग फार वेळ थांबत नाही.

भट्टीमागच्या घरात दोनच माणसं, ते आणि सून. मुलगा दूर सोन्याच्या खाणीत कामाला. "बाप सोनं लावतो, लेक सोनं खणतो," काका हसून म्हणायचे, "आणि घरात सोनं सगळं दुसऱ्याचं." सून सरगूरकडच्या शेतकरी घरातली. आमच्या जुन्या शिपाई घराण्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल, सून सासऱ्यासमोर बोलत नाही. ती दाराआड उभी राहायची. जेवण झालं की कडी वाजवायची. तीन हातांवर ती उभी असताना काका भिंतीवरून मला ओरडून सांगत, "म्हणावं, सारात मीठ कमी होतं!" मी ते तिला सांगायचो. ती मला म्हणायची, "उद्या घालते म्हणावं." लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती तिच्या.

एकदा मी म्यानासाठी निळी मखमल बेतत होतो. काका आले, हात फिरवून म्हणाले, "काळी छान आहे. कुठून आणलीस?" मला वाटलं थट्टा करतायत. मीही हसलो.

त्या वर्षी एका म्हाताऱ्या रिसालदारांनी आपल्या आजोबांची तलवार आणली. दसऱ्याच्या स्वारीत त्यांचा मुलगा पहिल्यांदाच घोड्यावर बसणार होता, त्याच्या कमरेला ती बांधायची होती. काकांनी फार मन लावून काम केलं. वेल अशी उठली होती की रिसालदार नुसते बघत राहिले. मग सवयीने त्यांनी टोक जमिनीला टेकवून पातं जरा वाकवलं आणि सोडलं.

पातं वाकलं ते वाकलेलंच राहिलं.

माझ्याच दुकानात घडलं हे.  रिसालदारांनी तलवार माझ्या पाटावर ठेवली आणि पागोटं सारखं करत राहिले. काका म्हणाले, "कोळसा ओला होता." मग म्हणाले, "पातंच मुळात जुनं." शेवटी त्यांनी तलवार उचलली आणि आपल्या भट्टीकडे गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. काकांना एकटं सोडवेना.

ते भट्टीसमोर बसले होते, मांडीवर ते वाकडं पातं. म्हणाले, "मला निळं दिसलंच नाही रे. मी वाट बघत राहिलो."

तेव्हा दाराआडून आवाज आला. "मला दिसलं होतं, मामंजी."

काकांनी मान वळवली. मी तर तिचा आवाज त्या घरात इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"दिसलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यासमोर कधी बोलले होते?" ती म्हणाली, आणि रडायला लागली.

 काकांनी आपल्या शेजारची जमीन हाताने झाडली, एक पाट ओढला आणि म्हणाले, "इथे बस. इथून नीट दिसतं."

पुढचे दिवस मी शेजारून कान देऊन होतो. बसवलेलं सगळं सोनं काकांनी खरवडून काढलं. गल्लीतल्या लोहाराने पातं लाल करून, सरळ करून पुन्हा पाणी दिलं. त्यात जुनं पातं तडकलं असतं तर तिथेच सगळं संपत होतं. तडकलं नाही. मग पुन्हा रेघा, पुन्हा तार, आणि शेवटी शेक. काकांना रंगांची नावं हवी होती. तिच्याकडे सरगूरच्या शिवारातली होती.

"गवत," ती म्हणायची. "वाळलेलं गवत. आता गूळ."

"कसला गूळ? नवा का जुना?"

"जुना. काळपट. आता वांगं, मामंजी... वांगं... मोराची मान. साकु! साकु!"

तिच्या माहेरच्या बोलीतलं ते 'पुरे' ऐकल्याबरोबर काका पातं उचलायचे. एकदा ती चुकली, फार आधी ओरडली. काका रागावतील म्हणून मी सुई थांबवली. ते म्हणाले, "सोनं अजून पाहुणं आहे. परत बघू."

रिसालदारांनी तलवार पुन्हा वाकवली तेव्हा सुनेने डोळे मिटले होते. पातं सोडताच झणझणलं आणि सरळ झालं. काकांनी छाती काढली, नेहमीसारखंच काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "हिने केलं."

त्यानंतर दोन दसरे त्यांनी मिळून काम केलं. मग मोतीबिंदूने उरलंसुरलं दिसणंही गेलं, हातही थरथरू लागले. मुलगा दोघांना न्यायला आला. काका आधी नाही म्हणत होते. ती म्हणाली, "मामंजी, चला." ते गेले. खाणीकडच्या त्या गावातच पुढच्या पावसाळ्यात वारले, हे मला मुलाकडून कळलं. भट्टीच्या जागी आता बांगडीवाला बसतो.

पण ते इथून निघाले तो दिवस मला दिसतो. स्टेशनला जायची बैलगाडी दारात उभी होती. मुलगा पुढे गाडीवानाशेजारी. काका मागे गाठोड्यांना टेकून, आणि त्यांच्याजवळ ती, डोक्यावर पदर. गाडी हलली तशी ती त्यांना सांगू लागली, उजवीकडे काय, डावीकडे काय, कोण हात करतंय. काका मान वाकडी करून ऐकत होते. मध्येच काहीतरी विचारत होते. गाडी वळणापलीकडे गेली तरी तिचं बोलणं ऐकू येत होतं, नुसता आवाज, शब्द कळत नव्हते. मी तो ऐकू येईनासा होईपर्यंत रस्त्यात उभा राहिलो.