पिशवीतलं दावं

रंकाळ्यावर संध्याकाळी लहान पोरांना फिरवणारी दोन बुटकी तट्टं असतात. त्यांच्याकडं रोज एकटक बघत बसणारा एक माणूस मला खटकायला लागला. इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. मालक चहाला गेला की हा उठून तट्टांजवळ जायचा आणि हळूच चुचकारायचा. एकदा पिशवीतून दाव्याचं टोक बाहेर आलेलं दिसलं. चोरच हा, मी ठरवून टाकलं. नाहीतर दावं घेऊन फिरायला कोण येतं?

मी त्याला आडवाच गेलो. "काय पावणं, घोडं सोडून न्यायचा विचार हाय काय?"

तो दचकला नाही. "माझ्याच घोडीची शिंगरं ही. मीच विकली. गेल्या साली घोडी वारली. हे तिचं दावं. जनावर विकलं तरी दावं देत न्हाईत की आमच्यात, मग हे कसं टाकू?"

"मग इथं कशाला आणलंय?"

"आईचा वास वळखत्यात का बघाय. रोज आणतो, पण काढायचं धाडस हुईना."

माझा विश्वास बसला नाही. "काढा बघू."

त्यानं दावं पुढं धरलं. धाकट्या तट्टानं ते हुंगलं आणि चाटायलाच लागलं. त्यानं झटकन दावं पिशवीत कोंबलं.

"इसरलं असतं तर बरं झालं असतं," म्हणाला आणि निघाला. परत कधी आला नाही.

आता कापडी पिशवीवाला कुणीही दिसला की ते तट्टू पाठीवरच्या पोरासकट त्याच्याकडं वळतं. मी पिशवी न्यायचं सोडलंय.