बेंगलोरला न जाता पोचलेले आमचे हे

अगं ए पोरींनो, आणि पोरांनो तुम्हीसुद्धा... इथं येता, वरवर वाचता, अंगठा दाखवून पळता. काय ही घाई म्हणते मी! जरा जवळ सरकून बसा. म्हातारं माणूस काही सांगतंय तर पुरतं ऐकून घ्यावं की नाही? मागे इथं कुणीतरी हडळीची गोष्ट टाकली होती, तेव्हा खाली मीच लिहिलं होतं — "बाळा, रात्री हलकं जेवत जा, असलं काही दिसणार नाही." तुम्ही सगळे हसला होतात. आता माझी पाळी आली.

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. फौजेतल्या माणसाची बायको मी. हे नोकरीवर, आणि मी पोरं घेऊन मळ्यातल्या घरात. नाग निघाला तर कंदील धरून त्याला वाट दाखवली आहे — आमच्या शिराळ्याकडं नाग मारत नाहीत. पण भूतबीत कधी दारात आलं नाही. मी एकटी असून आलं नाही, तर आता काय येणार, असं म्हणायची मी.

गाव आमचं शिराळ्याच्या अलीकडं, पेठ नाक्याला जाणाऱ्या रस्त्यालगत. नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या सगळी भाऊकी दारात उभी राहील.

तर झालं असं. हे हवालदार म्हणून रिटायर झाले. नोकरीतली बरीच वर्षं बेंगलोरला होते. दर सुट्टीला आले की एकच — "तुला एकदा बेंगलोर दाखवणार. लालबाग दाखवणार. तिथली कॉफी पाजणार." आणि दर खेपेला माझं काहीतरी निघायचं. सासूबाई आजारी, म्हैस विणार, पोरांची परीक्षा. शेवटी ह्यांनी बोलायचंच सोडलं.

यंदा थंडीत सूनबाईनं मनावर घेतलं. शिरवळच्या कंपनीत आहेत दोघं, मुलगा आणि ती. फोनवर म्हणाली, "आई, तुम्ही दोघंच जा. वीकेंडला कपल्स जातात तसं. मी हॉटेल बुक करते."

मी म्हटलं, "अगं, संसार सगळा झाला, आता दोघांनी पळून जायचं व्हय?"

मागून हे ओरडले, "जायचं! तिला म्हणावं खिडकीजवळची सीट बघ!"

काय सांगू तुम्हाला... पोरासारखे झाले होते हो. शर्टाला इस्त्री मारून ठेवली. शुक्रवारी लालबाग, शनिवारी जुन्या युनिटचं गेट बाहेरून बघायचं, मग कॉफी, रविवारी परत. मला इस्लामपूरला नेऊन नव्या चपला घेतल्या. "शहरात चालायला लागतंय, हवालदारीणबाई," म्हणाले. माणसांत मला अशी हाक मारत नाहीत ते. घरात दोघंच असलो की.

बस होती गुरुवारी संध्याकाळी, पेठ नाक्यावरून. आणि बेंगलोर आमच्या दक्षिणेला. गुरुवारी दक्षिणेला निघू नये म्हणतात. आता माझा विश्वास नाही, हे वर सांगितलंच... पण रीत ती रीत. असं असलं की आमच्यात आदल्या दिवशी प्रस्थान ठेवतात. म्हणजे जाणाऱ्या माणसाचं एखादं कापड, त्यात सुपारी, अक्षता आणि एक नाणं, गाठ मारून ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरलं जातं. मग तो दुसऱ्या दिवशी निघाला तरी दोष नाही. ह्यांची सुट्टी संपली की सासूबाई दर वेळी ठेवायच्या. त्या गेल्यावर मी ठेवायला लागले.

बुधवारी मी तसंच केलं. ह्यांचा मफलर घेतला, सुपारी-अक्षता बांधल्या, आणि गावाच्या खालच्या, दक्षिणेच्या अंगाला माझी मैत्रीण कुसुम राहते, तिच्या फडताळात ठेवून आले. कुसुम घरात नव्हती, तिच्या सुनेला सांगितलं.

गुरुवारी दुपारी दशम्या बांधून झाल्या, आणि दारात ट्रॅक्टर वाजला. ऊसतोडीची टोळी! महिनाभर ज्यांच्या नावानं बोटं मोडत होतो ते नेमके त्या दिवशी आले. टोळी आली की सोडता येत नाही बाबांनो. आज नको म्हटलं की पुन्हा कधी येतील ते देवाला माहीत, ऊस उभ्या उभ्या वाळतो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट खुंटीला टांगला. बूट काढले, जुन्या वहाणा घातल्या आणि मळ्यात गेले. सूनबाई म्हणाली, हॉटेल रद्द होत नाही, राहू दे तसंच. मफलराचं माझ्या ध्यानातनं पार निघून गेलं.

शुक्रवारी सकाळी उन्हं वर आल्यावर मी चहाची किटली घेऊन बांधावर पोचले. कोयत्यांचा आवाज, पाचटाचा वास, सगळं रोजचंच. आणि फोन वाजला. हॉटेलला नंबर माझा दिला होता.

"माताजी, बेंगलोर से, होटल से बोल रहा हूँ. साब तो सुबह पहुँच गए. नीचे सोफे पर बैठे हैं. बोलते हैं, बीवी आएगी तभी कमरे में जाऊँगा. आप कहाँ तक आईं?"

मला हसू आलं. म्हटलं, "दुसरा कोई होगा बाबा. हमारे साब इधर खेत में है."

"नहीं माताजी, नाम तो वही बताया. लीजिए, बात कीजिए."

आणि फोनवर घसा खाकरला कुणीतरी. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचं, ही ह्यांची खोड.

"हवालदारीणबाई... कुठं ऱ्हायलीस? मी खालीच बसलोय. ये लवकर."

हातातली किटली कधी खाली गेली कळलं नाही. हे माझ्यासमोर उभे होते! हाकेच्या अंतरावर, पाठमोरे, ट्रॅक्टरच्या बाजूला. हात दोन्ही खाली. फोन नाही, काही नाही. आणि टोळीचा मुकादम त्यांना विचारत होता, "आप्पा, ह्या अंगाचं आदी घिऊ का?... आवं आप्पा?" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काकू, आप्पा काय बोलंनात बघा. मगाधरनं इचारतोय."

मी पळत पुढं जाऊन तोंड बघितलं. डोळे उघडे, पापणी हलत होती. पण घराला कुलूप लावून माणसं गेलेली असावीत आणि खिडकी उघडी राहावी, तसं. हात धरला तर बर्फ. "आवं," म्हटलं, "आवं, माझ्याकडं बघा की!" काही नाही. चला म्हटलं की चालत होते, बसा म्हटलं की बसत होते.

शिराळ्याच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, साखर बघितली, छातीची ईसीजीची पट्टी काढली. सगळं ठीक. म्हणाले, उद्या कराडला नेऊन डोक्याचा स्कॅन करू. दुपारपर्यंत शिरवळहून मुलगा आला. त्याला फोनचं सांगितलं तर मलाच ओरडला, "आई, हल्ली मशीन कुणाचापण आवाज काढतं! फ्रॉड आहे तो. ओटीपी नाही ना दिलास?"

मी म्हटलं, "अरे, मशीनला हवालदारीणबाई कुणी सांगितलं?"

त्यानं माझा फोन घेऊन तो नंबर बघितला आणि परत दिला.

दिवे लागायच्या वेळेला कुसुम आली. ह्यांच्याकडं एकदा बघितलं, आणि मला परड्यात ओढून नेलं.

"आक्का, गेला न्हाईसा ते कळलं. मग माझ्या फडताळातलं उचलायचं न्हाई व्हय? आणि... एकच गठुडं हाय तिथं. तुजं कुठाय?"

"माझं कसलं?"

"अगं, जाणार दोघं हुता न्हवं? मग फकस्त आप्पांचंच प्रस्थान ठिवलंस?"

पोरींनो, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आमच्या घरात प्रस्थान ठेवायचं ते गड्याचं. बाई कधी कुठं निघालीच नाही, तर तिचं कोण ठेवणार? माझ्या हाताला तीच सवय. पहिल्यांदा दोघं निघालो होतो, आणि मी नेहमीसारखी ह्यांना एकट्यालाच पाठवून मोकळी झाले होते.

मुलाला त्यांच्याजवळ बसवलं आणि कुसुमच्या घरी गेले. फडताळात गाठोडं होतं तसंच होतं. मी हात घालणार तेवढ्यात कुसुमनं मनगट धरलं. "नुसतं उचलू नगं. माझी सासू सांगायची, वाटंला लागल्याल्या माणसाला आदी हाक मारून माघारी बोलवावं, मग उचलावं. न्हाईतर माणूस वाटंतच ऱ्हातोय."

"हाक कुठं मारू गं? बेंगलोरला?"

तिनं माझ्या हातातल्या फोनकडं बोट दाखवलं.

मी सकाळचा नंबर लावला. हॉटेलातला पोरगा म्हणाला, "हाँ माताजी, बैठे हैं अभी भी. कुछ खाया नहीं." पुन्हा ते खाकरणं.

"आलीस?"

"आवं, न्हाई. मी घरीच हाय. तुमी माघारी या."

"कशाला माघारी? लय चांगली जागा हाय. काचंच्या पेटीत मासं हायत, तू बघितलं न्हाईस असलं. वरची खोली अजून उघडली न्हाई मी. दोघांनी मिळून उघडू म्हणलं. ये की गड्या... एकदा तरी ये."

काय गोड आवाज होता तो. आयुष्यात एवढं आर्जव कधी केलं नव्हतं ह्यांनी. मला वाटलं, जावं. का जाऊ नये? किती वर्षं नाही म्हणत आले! आणि कुसुम किंचाळली, "आक्का! हातातलं ठिव खाली!"

बघते तर माझ्या डोक्याचा स्कार्फ मीच सोडला होता, घडी घातली होती, आणि ह्यांच्या मफलरालगत ठेवायला हात फडताळात गेला होता. कधी, ते मला आजही आठवत नाही. कुसुमनं तो हिसकून लांब फेकला.

मी रडत रडत बोलले, "मी येत न्हाई. ऊसतोड चाललीया, पोरगा घरी आलाय, तुमच्या हातापायात जीव न्हाई. घरला चला."

मग म्हणाले, "तू कायम असंच म्हणतीस."

एवढंच. नंतर अगदी बारीक, "बरं. येतो."

मी गाठोडं उचललं. थंडी एवढी की बोटं वळत नव्हती, आणि तो मफलर गरम होता... नुकताच कुणीतरी गळ्यातून काढून दिल्यासारखा.

घरी पोचले तर मुलगा दारात. म्हणाला, "आत्ताच बाबांना जोराचा ठसका लागला आणि पाणी मागितलं." हे पलंगावर बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "बस कवाची गेली?" टोळी आलेली, ट्रॅक्टर, डॉक्टर — काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी विचारलं, मासे आठवतात का? तर भिंतीकडं कूस करून आडवे झाले.

स्कॅन चांगला निघाला. मुलानं स्वतः त्या हॉटेलला फोन केला. ते म्हणाले, आजोबा संध्याकाळी उठले, काचेचं दार ढकलून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, बायकोला आणायला स्टँडवर गेले असतील. मुलगा अजून म्हणतो, कुणीतरी दुसरा म्हातारा असेल आई, आणि बाबांना थकव्यानं झालं असेल. असेलही. दुसरं काही मलाही सांगता येत नाही. मी दहावीसुद्धा नाही. इथं शिकलेली मंडळी आहेत, कुणाला उलगडा होत असेल तर सांगा.

आता बरे आहेत. खातात, पितात, मुकादमाशी भांडतात. फक्त दुपारी ओट्यावर एकटे बसले असले की मी उगीच हाक मारते. बहुतेक वेळा लगेच ओ देतात. एखाद्या वेळी उशीर लागतो... मग मी आतलं सगळं टाकून बाहेर पळते. आणि परवा पुन्हा म्हणाले, "आता बेंगलोरला जाऊन येऊ, हवालदारीणबाई." मी हो म्हणू की नाही म्हणू? नाही म्हणायचा तर आता धीरच होत नाही. आणि हो म्हटलं, तर तिथं जाऊन त्या सोफ्यावर कोण बसलेलं दिसेल, हे बघायची माझी तयारी नाही.

म्हणून म्हणते, नुसतं वाचून जाऊ नका रे. इथं खाली निरोप टाका, नंबर देते; पेठ नाक्यावर उतरा आणि फोन करा, मुलगा नसला तरी कुसुमचा नातू गाडी घेऊन येईल. दोन दिवस राहायला या. ताजा गूळ आहे, हुरडा आहे. घरात पाव्हणे असले की हे गप्पांत रमतात, जायचं नाव काढत नाहीत. लवकर या.